पडणाऱ्या भिंतीखाली उभा आहे तो चार्ली नव्हे

वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कोसळते. खाली उभा असलेला माणूस वरच्या उघड्या खिडकीच्या जागेत नेमका सापडतो, म्हणून वाचतो. हा तुकडा दर दोन-चार महिन्यांनी आमच्या घरच्या ग्रुपवर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'चार्ली चॅप्लिनची कमाल!' कमाल आहेच, पण ती बस्टर कीटनची, मूकपटांच्या त्याच जमान्यातल्या दुसऱ्या विनोदवीराची. चित्रपट 'स्टीमबोट बिल ज्युनियर', साल १९२८. भिंत जवळपास दोन टनांची होती आणि तिच्याखाली कीटन स्वतः उभा होता. त्याचं श्रेय तरी त्याला द्या.

चॅप्लिन तुम्हाला ठाऊक आहे. गोल टोपी, काठी, टूथब्रशएवढी मिशी, ढगळ विजार. लग्नाच्या रिसेप्शनला दारात उभा करतात तोच. कीटनची टोपी चपटी, मिशी नाही, चेहरा कायम गंभीर. ओळखण्यापुरतं एवढं बास.

पण इथेच लोक थांबतात आणि पुढचा घोळ घालतात. 'चार्लीकडे हृदय, कीटनकडे नुसत्या कसरती.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. खरा फरक चेहऱ्यात नाहीच. दोघं वस्तूंशी कसे वागतात, त्यात आहे.

चॅप्लिनचा १९१६ सालचा 'द पॉनशॉप' घ्या. गहाणवटीच्या दुकानात एक गिऱ्हाईक गजराचं घड्याळ घेऊन येतं. चार्ली आधी स्टेथोस्कोप लावून त्याची छाती तपासतो. म्हणजे घड्याळ झालं पेशंट. मग टिनचा डबा फोडतात तसं ते फोडतो आणि आत वास घेऊन बघतो, जणू आतलं मासे-बिसे खराब झालेत. मग स्प्रिंग ओढून कापडासारखी हातभर मोजतो. शेवटी सगळे सुटे भाग गिऱ्हाइकाच्याच टोपीत ओतून मान हलवतो, नाही चालणार. दर काही सेकंदांनी वस्तूचा जन्म बदलतो आणि तो बदल होतो चार्लीच्या बोटांत. गिऱ्हाइकाचा मख्ख चेहरा त्यात आणखी मजा आणतो.

कीटनच्या हातात घड्याळ दिलं, तर ते घड्याळच राहील. बिघडेल, अडकेल, भलत्या वेळी वाजेल, पण पेशंट होणार नाही. त्याचा १९२० सालचा 'वन वीक' बघा. दोन रिळं, वीसेक मिनिटं. नव्या जोडप्याला लग्नाचा आहेर म्हणून जोडून उभं करायचं घर मिळतं. नवरीने नाकारलेला एक जण घराच्या भागांच्या खोक्यांवरचे नंबर बदलून ठेवतो. कीटन सूचनापत्रिकेबरहुकूम घर बांधतो आणि ते वाकडंतिकडं उभं राहतं. शेवटी कळतं की प्लॉटही चुकलाय. घर गाडीला बांधून ओढत नेताना ते रुळांवर अडकतं आणि समोरून आगगाडी येते. दोघं डोळे मिटतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श म्हणावं, तोच उलट्या बाजूने दुसरी येते आणि घराच्या चिंधड्या उडवते.

इथे घर घरच आहे आणि गाडी गाडीच. विनोद आहे तो अंतराचा आणि कोनाचा. कॅमेरा असा लावलाय की पहिली गाडी घरावरच येतेय असं वाटावं. म्हणूनच कीटनचा कॅमेरा बहुधा लांब उभा असतो. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसायला हवा आणि त्याच चौकटीत संकटही. मधे कात्री चालवली की फसवलं असं वाटतं.

अपवाद आहेत. 'वन ए.एम.'मध्ये चॅप्लिनला भिंतीतला घडीचा पलंग रात्रभर छळतो, तो अगदी कीटनच्या घरचा वाटावा. पण तिथेही चार्ली दारू प्यायलेला आहे, म्हणजे निम्मा गोंधळ त्याच्याच अंगात आहे.

आता माझी चीड. हे मूकपट मोबाइलसाठी उभे कापून टाकणाऱ्यांना काय म्हणावं? चॅप्लिनचं घड्याळ त्यातूनही कसंबसं तगतं, कारण मजा हातांत आणि चेहऱ्यावर आहे. कीटनच्या दृश्यात बाजूचा भाग कापला की दुसरी गाडी येते कुठून तेच कळत नाही. वरून दर आपटण्याला 'टँव टँव' आवाज. मी तर आवाज बंद करूनच बघतो.

मला निवडायला लावलं तर कीटन, विचार न करता. आणि हृदयाचंच म्हणत असाल तर 'वन वीक' शेवटपर्यंत बघा. त्या ढिगाऱ्याला तो 'विकणे आहे'ची पाटी लावतो, सोबत जोडणीची सूचनापत्रिका अडकवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो.