कौल हरला, सरकार आले

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची खूण दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरले. इथवरची गोष्ट गोव्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते, आणि दर जानेवारीत ती नव्याने उगाळली जाते. पुढच्या मार्चमध्ये काय झाले याची आठवण मात्र सहसा कुणी काढत नाही. विधानसभेची निवडणूक झाली आणि कौल हरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

दुभंगलेल्या समाजांत शांतता कशी टिकते, यावर गेली साठ-सत्तर वर्षे मानसशास्त्रज्ञ, राज्यशास्त्रज्ञ आणि अलीकडे अर्थशास्त्रज्ञही काम करत आहेत. त्या कामाचा माझ्या मते सर्वांत उपयोगी भाग असा: लोकांची मने जुळली म्हणून शांतता आली, असे फार कमी ठिकाणी घडले आहे. बहुतेक ठिकाणी आधी व्यवस्था बसली. मने मागाहून जुळली, आणि काही ठिकाणी जुळलीच नाहीत. भाषणे मात्र सगळी मनांविषयी होतात.

मनाचे तरी काय सांगावे! हेन्री ताज्फेल हा मूळचा पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यात होता, युद्धकैदी म्हणून जगला आणि परतला तेव्हा घरचे जवळपास सगळेच मारले गेले होते. माणसे असे का वागतात, हा त्याचा आयुष्यभराचा प्रश्न झाला. १९७० च्या सुमारास त्याने ब्रिस्टलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना दोन चित्रकारांची चित्रे दाखवली आणि आवडीनुसार गट पाडल्याचे सांगितले. प्रत्यक्षात गट सरसकट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते. मग प्रत्येकाला गुण वाटायला दिले. गुणांचे पुढे पैसे मिळणार होते, पण वाटणाऱ्याला स्वतःला त्यातले काही नव्हते. एका तक्त्यात एका टोकाला आपल्या गटातल्या मुलाला ७ आणि दुसऱ्या गटातल्याला १, तर दुसऱ्या टोकाला आपल्या गटातल्याला १९ आणि दुसऱ्या गटातल्याला २५ असे पर्याय होते. हिशेबाने पाहिले तर दुसरे टोक सगळ्यांच्याच फायद्याचे. पण मुलांचा कल पहिल्या टोकाकडे झुकला. आपल्याला कमी मिळाले तरी चालेल, त्यांच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजे!

ना जुने वैर, ना धर्म, ना भाषा. नुसते नाव दिले की गट तयार. तेव्हा ‘आपण’ आणि ‘ते’ ही भावना समाजातून पुसून टाकू म्हणणाऱ्यांनी दुसरे काही तरी हाती घ्यावे. खरा प्रश्न असतो तो गटांच्या रेषा एकमेकींवर कशा पडतात हा.

श्रीलंकेत त्या एकावर एक पडल्या. सिंहली भाषा, बौद्ध धर्म आणि दक्षिण-पश्चिमेचा प्रदेश एका बाजूला. तमिळ भाषा, मुख्यतः हिंदू धर्म आणि उत्तर-पूर्वेचा प्रदेश दुसऱ्या बाजूला. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. मोठे सिंहली पक्ष ‘आम्ही तुमच्यापेक्षा कडवे’ अशी चढाओढ करत होते, त्यामुळे तडजोडीचे नाव काढणाऱ्याला गद्दार ठरवणे सोपे झाले. १९५८ ची दंगल, १९८३ चा संहार आणि २००९ पर्यंत चाललेले युद्ध हा पुढचा इतिहास आहे. तमिळला राजभाषेचा दर्जा देणारी घटनादुरुस्ती झाली, पण ती १९८७ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी.

गोव्यात रेषा एकमेकींना छेदून गेल्या. कौलात ख्रिस्ती मतदार एकगठ्ठा विलीनीकरणाच्या विरोधात गेले असे धरले, तरी त्यांची संख्या निम्म्याहून बरीच कमी होती. हिंदू मते फुटल्याशिवाय तो निकाल लागूच शकत नव्हता. विलीनीकरणाच्या विरोधातला सर्वांत धारदार प्रचार तर मराठीतून झाला. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर चालायचे, ते मराठी वाचणाऱ्या हिंदूंसाठीच. कोकणीचा कैवार मराठीतून घेतला जात होता आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. आजही घरात कोकणी, आरती आणि भजन मराठीत, मुलांची शाळा इंग्रजीत, अशी घरे पेडण्यापासून काणकोणपर्यंत आहेत. अशा माणसाला कुठल्या एका गोटात ढकलायचे? एका भांडणात जो समोर उभा असतो तो दुसऱ्या भांडणात आपल्या बाजूला निघतो, आणि मग भांडणाला पुरेसे पेटवण मिळत नाही. राज्यशास्त्रात यालाच परस्परछेदी भेद म्हणतात.

याचा अर्थ आमच्याकडे सगळे आलबेल होते असा नव्हे. राजभाषेच्या आंदोलनात डिसेंबर १९८६ मध्ये रस्ते अडवले गेले, जाळपोळ झाली, सात जणांचा जीव गेला. गोवा म्हणजे शांत, सुशेगाद, असे म्हणणाऱ्यांना हा महिना बरा आठवत नाही. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला: देवनागरीतली कोकणी ही राजभाषा, आणि मराठीचाही शासकीय कामासाठी वापर करण्याची तरतूद. समसमान दर्जा नाही म्हणून आम्ही मराठीवाले नाराज, कोकणीच्या रोमी (रोमन) लिपीला वगळले म्हणून सासष्टीतले अनेक नाराज. ती नाराजी अजून आहे. पण कायद्यात प्रत्येकाला पाय टेकायला थोडी जागा राहिली, आणि ३० मे १९८७ ला घटकराज्य झाले तेव्हा भांडण रस्त्यावरून विधानसभेत, साहित्य संमेलनांत आणि पुरस्कारांच्या याद्यांत गेलेले होते. पुरस्कारावरून भांडणे हे माझ्या लेखी मोठेच सामाजिक यश आहे.

१९६७ चा मार्चही याच हिशेबात बसतो. हरणाऱ्याने हार का मानावी, याचे अभ्यासकांनी शोधलेले उत्तर साधे आहे: खेळ पुढे चालू राहणार असेल आणि त्यात आपण जिंकू शकणार असू, तरच. कौलाआधी बांदोडकर सरकारने राजीनामा दिला होता, राष्ट्रपती राजवटीत मतदान झाले. त्यामुळे सरकारी यंत्रणा वापरल्याचा आरोप करायला फारशी जागा नव्हती. आणि हरलेल्यांना लगेच दुसरा डाव मिळाला. सीमेचा प्रश्न एका मतपेटीत आणि राज्य कुणी चालवायचे हा प्रश्न दुसऱ्या मतपेटीत, असे दोन प्रश्न सुटे झाले. जिथे एकाच निकालात एका समाजाचे सगळेच जाते, तिथे लोक बंदुका शोधतात.

आता राहिला शेजारधर्म. यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त बोलले जाते आणि सगळ्यात ठळक उदाहरण म्हापशाचे दिले जाते. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे चर्चमधली मेरी माता, या बहिणी, ही लोकश्रद्धा. सात बहिणींपैकी मिराबाई ती मिलाग्रीस. ईस्टरनंतर तिचे फेस्त (उत्सव) भरते तेव्हा सेंट जेरोम चर्चच्या रांगेत एकीच्या हातात मेणबत्त्या तर तिच्या पुढच्या कुंकू लावलेल्या बाईच्या हातात तेलाची बाटली असते. सायबिणीला तेल वाहायचे असते. त्याच सुमारास वैशाखात शिरगावला धोंड, म्हणजे लईराईचे व्रतस्थ भक्त, अग्निदिव्यातून जातात. दृश्य खरे आहे आणि सुंदर आहे. पण एवढ्याने दंगल थांबते का?

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या १९५० ते १९९५ मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद तपासली आणि शहरांच्या जोड्या लावल्या: अलिगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. लोकसंख्येचे प्रमाण सारखे, पण एक शहर पेटणारे आणि दुसरे बरेचसे शांत. सणाला एकमेकांकडे जाणे दोन्हीकडे होते. फरक होता तो दोन्ही समाजांच्या सामायिक संघटनांचा: व्यापारी मंडळे, कामगार संघटना, पक्षांच्या शाखा, वाचनालये. गावात नुसता शेजार पुरतो, शहरात पुरत नाही. अफवा उठली की रात्री अकरा वाजता फोन कुणाला करायचा, हे अशा संघटनांमुळे आधीच ठरलेले असते. १९९२ मध्ये सुरतेत हेच दिसले. जुन्या शहरात फारसे काही घडले नाही. माणसे मेली ती बहुतेक सगळी बाहेरच्या नव्या झोपडवस्त्यांत, जिथे असे काही जोडलेलेच नव्हते.

महाराष्ट्रातला दाखला भिवंडीचा. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली होती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. शांतता समितीवर नेहमी असतात ती पुढारी मंडळी त्यांनी टाळली. गल्लीतली साधी माणसे, दोन्ही धर्मांची, एकत्र बसवली आणि नळाच्या, गटाराच्या, नवरा-बायकोच्या तक्रारी तिथे आणल्या. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

सहवासाचे प्रयोगही आता मोजून केले जातात. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच अटी घातल्या होत्या: दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, सहकार्य हवे, वरून पाठबळ हवे. सलमा मूसा यांनी उत्तर इराकमध्ये इस्लामिक स्टेटमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांपैकी काही संघांत चिठ्ठ्या टाकून मुस्लिम खेळाडू घातले. निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मिश्र संघातले ख्रिस्ती खेळाडू पुढेही मुस्लिमांबरोबर सराव करत राहिले, पुढच्या हंगामात मिश्र संघासाठी नाव द्यायला तयार झाले. पण मुस्लिमबहुल मोसुलमध्ये जाऊन जेवून येणे वगैरे मैदानाबाहेरच्या गोष्टींत फारसा फरक पडला नाही. मॅट लो यांचा २०१७ चा प्रयोग आपल्या ओळखीच्या खेळाचा आहे. उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. काही संघ एकजातीय, काही मिश्र. एकाच संघात खेळलेल्यांत जातीबाहेरची मैत्री वाढली आणि बक्षिसासाठी आपल्याच जातीचा माणूस पुढे करणे कमी झाले. समोरासमोर खेळलेल्यांत मात्र परिणाम बहुधा उलटा दिसला. ‘लोकांना एकत्र आणा’ हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे. एकत्र आणून समोरासमोर उभे केले तर न आणलेले बरे.

गोव्याची आजची रेषा मराठी-कोकणीची राहिलेली नाही, असे मला वाटते. मार्च २००६ मध्ये सावर्डे-कुडचड्यात मुस्लिमांच्या दुकानांवर, घरांवर हल्ले झाले. बांधकामावर, मासेमारीच्या जेटीवर, औद्योगिक वसाहतीत राबायला येणाऱ्या परप्रांतीयाला एकच शिवीवजा नाव मिळते, मग तो कर्नाटकातला असो की झारखंडचा. त्याच्याशी रोजचा व्यवहार आहे, सामायिक संघटना नाही. भजनी मंडळात तो नाही, क्लबात नाही, चवथीच्या सार्वजनिक मंडळात वर्गणी देण्यापुरता आहे. सुरतेच्या बाहेरच्या वस्त्यांसारखीच ही स्थिती.

भातकापणी झाली की आमच्या शेतांत टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. संघ वाड्यांचे असतात, आणि भाड्याच्या खोल्यांतल्या परप्रांतीय पोरांचा झालाच तर वेगळा संघ, समोरच्या बाजूचा. एखाद्या आयोजकाने एका वर्षी निम्मे संघ वाड्यांचे ठेवून निम्मे चिठ्ठ्या टाकून पाडावेत. खर्च काही वाढत नाही. मोजायचे काय, तर मे महिन्यात स्पर्धा संपल्यावर कोण कुणाच्या घरी फोन न करता जातो, आणि पुढच्या हंगामात खोलीतल्या पोराला वाड्याच्या संघात कुणी आपणहून बोलावतो का.