जेवणाबरोबरच्या गोळीची गोष्ट

डायलिसिसच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर एका गोळीपुढे हमखास 'जेवणाबरोबर' असं लिहिलेलं असतं. घरोघरी ती बाकीच्या गोळ्यांसोबत जेवणानंतर तासाभरानं घेतली जाते आणि बरीचशी वाया जाते. तिचं काम आतड्यात असतं. किडनी निकामी झाली की फॉस्फरस रक्तात साठतं, म्हणून अन्नातलं फॉस्फरस तिथंच धरायचं आणि शौचावाटे बाहेर न्यायचं. पानात अन्न नसेल तर धरणार काय?

सुरुवात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडपासून झाली. ॲसिडिटीवर देतात तेच हे. फॉस्फरस उत्तम बांधायचं आणि अंगात मुरत नाही अशी समजूत होती. पण १९७०च्या दशकात काही रुग्णांची जीभ अडखळू लागली. डायलिसिस झाल्यावर तर जास्तच. पुढे झटके, भ्रम आणि मृत्यू. १९७६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉ. ॲलन आल्फ्री आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम साठल्याचं दाखवलं. तिकडे इंग्लंडात न्यूकॅसलमध्ये रुग्णांची हाडं मोडत होती. तो माग नळाच्या पाण्यापर्यंत गेला. पाणी निवळायला वापरतात ते ॲल्युमिनियम सल्फेट, म्हणजे आपल्या तुरटीचं भावंडच. एका डायलिसिसला शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं, म्हणजे आठवड्यातून तीनदा धरलं तर तीनशेच्या वर. पाणी शुद्ध करण्याची सोय आली, तरी गोळीतलं ॲल्युमिनियम उरलंच.

मग कॅल्शियम कार्बोनेट आणि ॲसिटेट आले. हाडांना बरंच, असं वाटलं. पण रक्तात कॅल्शियम वाढू लागलं. २००० साली विशीतल्या रुग्णांच्याही हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चुन्याचे थर दिसल्याचं प्रसिद्ध झालं. २०१७च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना कॅल्शियमच्या गोळ्यांचा डोस आवरता ठेवायला सांगतात.

कॅल्शियम आणि धातू दोन्ही नसलेलं सेव्हेलामर अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालं. गोळी चांगली मोठी, बद्धकोष्ठही करते. ज्यांचं पोट आधीच अडतं त्यांनी ते डॉक्टरांना सांगावंच. २००४ मध्ये आलेलं लँथॅनम चावून खायचं असतं. याच कामाच्या लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, घरचे घाबरतात. यांतल्या काही गोळ्या थायरॉइडचं औषध किंवा काही अँटिबायोटिक्सही अडवून धरतात, म्हणून त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवतात.

आणि ॲल्युमिनियम? ॲसिडिटीच्या पातळ औषधांच्या कित्येक बाटल्यांवर ते आजही आहे, चिठ्ठीविना मिळतं. सोबत लिंबाचं सरबत किंवा सायट्रेटचं औषध घेतलं तर ते आतड्यातून कितीतरी जास्त शोषलं जातं. किडनीच्या रुग्णाच्या घरी बाटलीवरची घटकांची यादी वाचूनच झाकण उघडावं.