पाण्यात उभं, तरी तहानलेलं

मागच्या महिन्यात एका मित्राने मला फोटो पाठवला. कुंडीतला टोमॅटो, पानं खाली लोंबलेली, खोड बारीक आणि फिकट. खाली लिहिलं होतं, "सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालतोय, तरी मान टाकतोय. खत घालू का?" मी म्हटलं, आधी मातीत बोट घालून बघ. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "चिखल आहे नुसता. पण पानं तर सुकल्यासारखीच दिसतायत की!"

पान मलूल म्हणजे झाडाला तहान लागली, आणि तहान लागली की पाणी द्यायचं, हे गणित आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की चिखलात उभ्या असलेल्या रोपालाही आपण आणखी एक तांब्या पाणी घालतो. गंमत म्हणजे गणिताचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. मित्राचा टोमॅटो खरोखरच तहानलेला होता. मुळं पाण्यात बुडालेली आणि पानांना पाणी मिळेना, अशी त्याची अवस्था.

या गोंधळाचं मूळ (शब्द आपोआप आला) शाळेतल्या आकृतीत असावं. त्या आकृतीत खालून वर जाणारे निळे बाण असतात आणि मूळ म्हणजे जणू शहाळ्यात खुपसलेली नळी. नळीला श्वास घ्यावा लागत नाही. मुळाला लागतो, आणि अखंड लागतो. मुळाच्या टोकाशी सतत नव्या पेशी तयार होत असतात, त्या लांब होत मातीत घुसत असतात. मातीतली खनिजं उचलून आत घ्यायलाही ऊर्जा खर्च होते, कारण मातीतल्या पाण्यात ती फार विरळ असतात आणि पेशीच्या आत कितीतरी दाट. ती आपण होऊन आत येणार नाहीत, ओढून आणावी लागतात. या सगळ्यासाठी लागणारी साखर पानांकडून येते. ती जाळायला लागणारा ऑक्सिजन मात्र बहुतेक झाडांच्या मुळांना मातीतूनच घ्यावा लागतो.

आणि मुळं म्हणजे किती? १९३७ साली हॉवर्ड डिटमर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने राय या धान्याच्या, खोक्यात वाढवलेल्या चार महिन्यांच्या एकाच रोपाचा हिशेब मांडला. सगळी मुळं एकापुढे एक ठेवली तर लांबी सुमारे ६२० किलोमीटर. त्यांच्यावरचे मूलरोम, म्हणजे साध्या डोळ्यांना जेमतेम पांढऱ्या लवीसारखे दिसणारे एकपेशीय केस, सुमारे १४ अब्ज. त्यांची लांबी १०,००० किलोमीटरच्या वर. हे सगळं एका रोपाचं, आणि हे सगळं जिवंत ठेवायचं म्हणजे त्याला श्वास हवा.

हा श्वास मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. चांगल्या मातीचा जवळपास निम्मा भाग पोकळ्यांचाच असतो. त्यातल्या बारीक पोकळ्यांत पाणी धरलेलं असतं, मोठ्या पोकळ्यांत हवा खेळत असते. या स्थितीला आपल्या शेतकऱ्यांकडे एक नेमका शब्द आहे, वाफसा. माती मुठीत दाबली तर ढेकूळ होतं आणि अंगठ्याने ढकललं की फुटतं, हाताला चिकटत नाही, तो वाफसा. पाठ्यपुस्तकाला ज्यासाठी दोन परिच्छेद लागतात ते या एका शब्दात बसलंय.

पाणी जास्त झालं की मोठ्या पोकळ्यांतली हवा हटते आणि पाणी तिची जागा घेतं. आता पाण्यातही ऑक्सिजन विरघळतोच की, मासे जगतात ना? जगतात. पण आकडे बघा. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, २५ अंश सेल्सियसला, जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. त्याहून वाईट म्हणजे पाण्यातून ऑक्सिजनचं विसरण, म्हणजे आपोआप पसरत जाणं, हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश होतं. मासा कल्ल्यांवरून पाणी खेळवतो. मूळ जागचं हलत नाही, भोवतालचं पाणीही हलत नाही. शिवाय त्या तुटपुंज्या ऑक्सिजनवर मातीतले जिवाणू टपलेले असतातच. उबदार, भिजलेल्या मातीतला ऑक्सिजन एखाद्या दिवसातच संपू शकतो.

इथून पुढे माझा आवडता भाग आहे. थोडा किचकट आहे, पण धीर धरा.

मातीतलं पाणी मुळाच्या आत येतं तेव्हा सुरुवातीला त्याला फारशी अडकाठी नसते. पेशींच्या भिंती टीपकागदासारख्या असतात, त्यांच्यातून पाझरत ते मुळाच्या गाभ्याकडे सरकतं. गाभ्यात जलवाहिन्या आहेत; तिथे पोचलं की पानांच्या ओढीने वर जाणार. पण गाभ्याभोवती पेशींचं एक कडं असतं, अंतस्त्वचा. या कड्यातल्या प्रत्येक पेशीच्या बाजूच्या भिंतींत लिग्निनचा एक पट्टा बसवलेला असतो. लाकडाला टणकपणा देणारं तेच हे लिग्निन. विटांच्या भिंतीत प्रत्येक विटेभोवती सिमेंटचा थर असावा तसा हा पट्टा, पाण्याला भिंतीतून पुढे जाऊ देत नाही. १८६५ साली रॉबर्ट कॅस्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला कॅस्पारी पट्टा म्हणतात.

याचा अर्थ असा की पाण्याला गाभ्यात जायचं तर भिंतीतून पाझरण्याची पळवाट इथे बंद होते. एखाद्या तरी जिवंत पेशीच्या पटलातून, म्हणजे भिंतीच्या आतल्या पातळ पडद्यातून, आत शिरावंच लागतं. मूळ ही नळी नाही म्हणतो ते यासाठी. नळीला उंबरठा नसतो.

पटल मेदाचं बनलेलं असतं आणि पाणी त्यातून सावकाश जातं. म्हणून त्यात खास पाण्यासाठी दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. पीटर अ‍ॅग्री यांना ती पहिल्यांदा माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत सापडली. १९९२ साली त्यांचं काम उलगडलं आणि २००३ साली अ‍ॅग्रींना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. अशा एका दारातून पाण्याचे रेणू एकामागे एक, एका रांगेत जातात, आणि तरी सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू पार होतात. मुळाच्या पेशींच्या पटलात अशी दारं खच्चून भरलेली असतात.

आणि दार आहे म्हणजे ते बंदही होऊ शकतं. नोबेल जाहीर झालं त्याच वर्षी फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या संशोधकांनी अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर याचा छडा लावला. ऑक्सिजन तुटला की पेशीचं श्वसन थांबतं आणि ती किण्वनावर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर अर्धवट फोडण्यावर, उतरते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे जिथे एटीपीचे (पेशीत ऊर्जा पुरवणारा पदार्थ) ३० च्या आसपास रेणू मिळायचे तिथे आता फक्त २ मिळतात. प्रोटॉन बाहेर फेकणारे पंप एटीपीवर चालतात, ते मंदावतात. पेशीद्रव्यात प्रोटॉन साचू लागतात. ७.५ च्या आसपास असलेला तिथला पीएच खाली घसरतो, म्हणजे पेशी आतून किंचित आंबट होते. अ‍ॅक्वापोरिनच्या आतल्या बाजूला प्रथिनाचा एक लोंबता वळसा आहे आणि त्यात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल ठरलेल्या जागी बसलेलं आहे. आंबटपणा वाढला की त्या हिस्टिडीनला एक प्रोटॉन चिकटतो, वळशाचा आकार बदलतो आणि तो नेमका दाराच्या तोंडावर येऊन बसतो. दार बंद.

एका प्रोटॉनने कडी लागते! आणि ही कडी मुळातल्या असंख्य दारांना जवळपास एकाच वेळी लागते. बाहेर पाणीच पाणी, वर पानं उन्हात बाष्पोच्छ्वासाने पाणी उधळतायत, आणि मधला रस्ता आवळलेला. पान मलूल होणार नाही तर काय?

मित्राला मी आणखी एक गोष्ट करायला सांगितली होती, पान चिमटीत धरून बघायची. खालची पानं ओल्या फडक्यासारखी ढिली लागली. वरची मात्र टणक होती, भरलेली, फक्त देठापासून खाली वळलेली. ही वरची पानं सुकलेली नव्हतीच. बुडालेल्या मुळात एसीसी नावाचा पदार्थ साचतो; त्याचं इथिलीन करायला ऑक्सिजन लागतो, तो मुळात नाही. मग एसीसी पाण्याबरोबर वर जातो, वर ऑक्सिजन भरपूर, तिथे त्याचं इथिलीन होतं आणि त्याच्या परिणामाने देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते. पान खाली वळतं. फळं पिकवतं तेच हे इथिलीन. टोमॅटोत हा प्रकार अगदी ठळक दिसतो.

मुळं गुदमरल्याची पुढची खूण म्हणजे पानं पिवळी पडणं. खनिजं ओढायला ऊर्जा नाही हे एक कारण. दुसरं म्हणजे ऑक्सिजन संपल्यावर मातीतले काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. नायट्रेट संपलं की मँगनीज, लोह, शेवटी सल्फेट. तिथवर मजल गेली की कुंडीच्या तळाला सडक्या अंड्यांचा वास येतो. आपल्याला पिवळं पान दिसतं आणि आपण खत घालतो. म्हणजे आजाऱ्याचं नाक दाबून धरायचं आणि वर ताटात पंचपक्वान्नं वाढायची. "मुळं जोमदार करणाऱ्या" रंगीत बाटल्यांचाही अशा कुंडीत उपयोग शून्य. दार आतून बंद आहे, बाहेर काय ठेवलंय याने काय फरक पडतो?

गुदमरलेली मुळं पुढे कुजतात ती बहुतेकदा पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या सूक्ष्मजीवांमुळे. दिसायला बुरशीसारखे, पण खरी बुरशी नव्हेत. त्यांच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात आणि ते पाण्यात पोहतात. मुळातून झिरपणाऱ्या साखरेच्या आणि अमिनो आम्लांच्या मागावर ते येतात. तुडुंब भरलेली कुंडी म्हणजे त्यांना तलाव.

"मग भात कसा जगतो पाण्यात?" हा प्रश्न नेहमी येतो. भाताच्या मुळात लांबच लांब हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून पानांकडची हवा थेट खाली उतरते. मुळाच्या बाहेरच्या थरात असं अस्तर असतं की ती वाटेत गळून जात नाही, टोकापर्यंत पोचते. चिखलातून उपटलेल्या भाताच्या मुळांवर तांबूस-नारिंगी लेप दिसतो ना, तो मुळातून थोडाफार झिरपलेल्या ऑक्सिजनने गंजवलेल्या लोहाचा. टोमॅटोकडे ही सोय जेवढी लागते तेवढी नाही.

आता कुंडी. तळाशी खडीचा थर दिला की निचरा चांगला होतो, असं जवळपास प्रत्येक जण सांगतो. होत नाही. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. पाणी ठिबकून थांबेल. आता तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळेल. स्पंजाच्या तळाशी ठरावीक उंचीचा थर पाण्याने भरलेलाच राहतो, तो स्पंजाच्या बारीक छिद्रांनी धरून ठेवलेला असतो. उभा केल्यावर तेवढ्याच उंचीत कमी स्पंज येतो, म्हणून जास्तीचं पाणी सुटतं. मातीचंही तेच. बारीक छिद्रांची माती आपलं पाणी खडीतल्या मोठ्या फटींत सहजासहजी सोडत नाही. खडी घातली की तो भिजका थर फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. म्हणून खोल कुंडी, भरड मिश्रण आणि तळाला मोकळं भोक, एवढं पुरतं.

काहींच्या हाताला गुण असतो म्हणतात, लावतील ते झाड जगतं. मी अशा दोन-तीन जणांना निरखून पाहिलंय. पाणी घालण्याआधी त्यांचं बोट सवयीने मातीत जातं, किंवा कुंडी जरा उचलून वजनाचा अंदाज घेतला जातो. बाकी गुण मला दिसला नाही. झाडाला गाणी ऐकवणाऱ्यांनी खुशाल ऐकवावीत, पण आधी बोट घालावं.

मित्राने शेवटी रोप कुंडीतून काढलं. निरोगी मूळ पांढरं आणि ओढायला चिवट असतं. याची मुळं तपकिरी होती, चिमटीत धरून ओढली की वरचं साल मोज्यासारखं निघून यायचं आणि हातात आतला दोरा राहायचा. तो दोरा म्हणजे गाभा, अंतस्त्वचेच्या आतला. बाहेरचं सगळं कुजलेलं. रोप वाचणार नव्हतं, म्हणून शेंडा कापून त्याने ग्लासभर पाण्यात ठेवला आणि आठवड्याभराने पुन्हा फोटो पाठवला. शेंड्याला पांढरी मुळं फुटलेली. खाली लिहिलं होतं, "मग हे कसं जगलं पाण्यात?"

ग्लासात माती नाही, म्हणजे ऑक्सिजन फस्त करणाऱ्या जिवाणूंची गर्दी नाही. पाण्याचा पृष्ठभाग उघडा, आणि तो पाणी बदलत होता. शिवाय पाण्यातच फुटलेल्या मुळांत हवेच्या पोकळ्या जास्त असतात. मात्र त्यांच्यावर मूलरोम फारसे नसतात, म्हणून मातीत लावल्यावर चार दिवस हा शेंडा पुन्हा मान टाकेल, हेही त्याला लिहून ठेवलं. तेव्हा तांब्या हातात घेऊ नकोस म्हणावं, तर तोवर त्याचा मेसेज आला होता, "लावला. पाणी किती घालू?"