डाउनहिल आणि फ्रीराइड सायकल: आकड्यांमागचा इतिहास

डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरच्या शर्यतीच्या सायकलचा तपशील वाचायला घेतला की आकड्यांची रांगच लागते: मागेपुढे २०० मि.मी. ट्रॅव्हल (चाक वर-खाली सरकण्याचं अंतर), ६३ अंशांचा हेड अँगल (फोर्क बसतो त्या पुढच्या नळीचा जमिनीशी कोन), २०० किंवा २२० मि.मी.च्या डिस्क, ८०० मि.मी.चा हँडलबार, आणि गिअर मात्र सातच. यातले बहुतेक आकडे मोडतोडीतून आले आहेत. कुठे ब्रेक जळाले, कुठे फोर्क वाकला, कुठे चेन उतरली, कुठे स्वार हँडलवरून पुढे फेकला गेला, आणि त्यावरचा उपाय म्हणून एकेक माप ठरत गेलं. हा क्रम माहीत असला की सायकल निवडताना एक गोष्ट पटकन कळते: काय पुढे बदलता येईल आणि काय फ्रेमसोबत कायमचं गळ्यात पडेल.

सुरुवात ब्रेकपासून झाली. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्सजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली 'रिपॅक' शर्यत झाली. ती भरवण्यात चार्ली केली पुढे होते. अंतर जेमतेम सव्वातीन किलोमीटर, तेवढ्यात सुमारे ४०० मीटर खाली उतरायचं. सायकली म्हणजे जुन्या, जाड टायरांच्या श्विन क्रूझर. ब्रेक मागच्या हबच्या आत, पेडल उलटं दाबलं की लागणारा. पायथ्याशी येईपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. या उतारासाठी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये स्वतंत्र फ्रेम बांधायला घेतली. गॅरी फिशर, टॉम रिची ही नावंही याच मंडळींतली.

उष्णतेचा तो प्रश्न आजही संपलेला नाही, फक्त हबमधून डिस्कवर आला आहे. मधली वीसेक वर्षं रिमवर घासणाऱ्या ब्रेकची होती. चिखल लागला की पकड गेली, रिम जरा आउट झाली की ब्रेक घासू लागला. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हेझसारख्या कंपन्यांनी हायड्रॉलिक डिस्क ब्रेक रुळवले आणि रिम सरळ असण्या-नसण्याशी ब्रेकचा संबंधच तुटला. मग डिस्क मोठी होत गेली, कॅलिपरमध्ये दोनाऐवजी चार पिस्टन आले. मोठी डिस्क केवळ जोर वाढवते असं नाही; तेवढीच उष्णता जास्त धातूत पसरते, हा तिचा खरा फायदा. लांब, सलग उतार असेल किंवा स्वार वजनदार असेल तर पुढे २२० मि.मी. घेण्यात शहाणपण आहे. मात्र फोर्क आणि फ्रेमच्या कंपनीने कमाल किती डिस्क चालेल असं लिहिलंय ते आधी पाहावं.

ब्रेक दगा देतो तेव्हा लिव्हरच कारण सांगतो. लिव्हर मऊ होऊन हँडलपर्यंत आला तर आत हवा आहे किंवा ऑइल उकळलं आहे. लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो पण सायकल थांबत नाही, तर पॅडवर काचेसारखी चकाकी आली आहे किंवा त्यावर तेल उडालं आहे. पहिल्यात ब्लीडिंग, म्हणजे आतली हवा काढून ऑइल बदलणं, करावं लागतं; दुसऱ्यात ब्लीडिंग करून काही उपयोग नाही, पॅड घासून किंवा बदलून पाहावे लागतात. नवे पॅड टाकले की सपाटीवर मध्यम वेगातून चाक लॉक न करता वीसेक वेळा जोरात वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही. ही पायरी गाळणारे लोक पुढे महिनाभर ब्रेकला शिव्या देतात. डॉट ऑइलच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल किंवा उलट कधीही घालू नये, सील फुगून पूर्ण ब्रेक वाया जातो.

सस्पेन्शनची गरज भासली ती वेगामुळे. कॅलिफोर्नियातल्याच मॅमथ माउंटनवर १९८५ पासून 'कामिकाझे' शर्यत होऊ लागली. रुंद, खडीच्या रस्त्यावर सायकली ताशी १०० कि.मी.च्या जवळ जात. एवढ्या वेगात कडक फोर्कचं चाक जमिनीवर असतं कमी आणि हवेत जास्त. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ फोर्क त्याच दशकाच्या अखेरीस आला. त्याचा ट्रॅव्हल पुरता ५० मि.मी.ही नव्हता. तरी १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली तेव्हा ग्रेग हर्बोल्ड यांनी रॉकशॉक्स फोर्कवरच पुरुषांची डाउनहिल जिंकली. महिलांत कॅनडाच्या सिंडी डिव्हाइन पहिल्या आल्या. त्यानंतर फोर्कला विरोध करणं अवघड झालं.

पुढची दहा-बारा वर्षं ट्रॅव्हलची चढाओढ चालली. फोर्क लांब झाला तसा त्याचा दांडा वरच्या एकाच जोडावर पिळू लागला, म्हणून मोटारसायकलसारखे दांडे वर-खाली दोन ठिकाणी पकडणारे दोन क्राउन आले. चाक तिरपं होऊ नये म्हणून बारीक क्विक-रिलीजची जागा २० मि.मी.च्या जाड आरपार ॲक्सलने घेतली. १९९८ च्या सुमारास आलेल्या रॉकशॉक्स बॉक्सरला १५० मि.मी.च्या आसपास ट्रॅव्हल होता, २००५ च्या फॉक्स ४० ला २०३. मागच्या बाजूला सांता क्रूझ कंपनीच्या व्ही-१० सायकलने दहा इंच, म्हणजे सुमारे २५० मि.मी. गाठले. मग गाडी उलटी फिरली. इतका ट्रॅव्हल असला की स्वाराने जमिनीला दिलेला जोरही सस्पेन्शन गिळतं, वळणात सायकल लोळते, आणि पेडल मारणं म्हणजे चिखल तुडवणं. शेवटी सगळे २०० च्या आसपास येऊन थांबले.

मागच्या लिंकेजचा, म्हणजे मागचं चाक फ्रेमला जोडणाऱ्या सांध्यांचा, इतिहास त्याहून गुंतागुंतीचा आहे, आणि विकत घेणाऱ्याला गोंधळात टाकणारी नावं तिथेच जास्त. मुद्दे तीनच. पेडल मारताना मागचं चाक दबतं का, ब्रेक लावल्यावर सस्पेन्शन आखडतं का, आणि दगड लागला की चाक मागे सरकून त्याला वाट देतं का. हॉर्स्ट लाइटनर यांच्या चार सांध्यांच्या रचनेने ब्रेकचा परिणाम बराच कमी केला. आउटलँड कंपनीकडून सांता क्रूझने घेतलेल्या व्हीपीपी या रचनेने आणि नंतरच्या डीडब्ल्यू-लिंकने पेडलचा प्रश्न हाताळला. सॅम हिल यांनी २००६ आणि २००७ ची जागतिक अजिंक्यपदं डीडब्ल्यू-लिंकच्याच आयर्न हॉर्स संडेवर मिळवली. तिसऱ्या मुद्द्यासाठी सांधा वर चढवला गेला आणि चेन ताणली जाऊ नये म्हणून वर एक छोटं चाक, आयडलर, बसलं. या हाय पिव्होट सायकली खडबडीत उतारावर अफाट स्थिर असतात, पण पुढचं चाक उचलायला जड जातात आणि आयडलर नियमित साफ ठेवावा लागतो.

लिंकेज कुठलंही असो, स्प्रिंगचा हिशेब एकच. स्वार सगळ्या सामानासह पेडलवर उभा राहिला की सस्पेन्शन आपल्या वजनाने जेवढं दबतं त्याला सॅग म्हणतात. डाउनहिलला मागे ३० टक्के, पुढे १५ ते २० टक्के धरतात. समजा चाकाचा ट्रॅव्हल २०० मि.मी. आणि मागच्या शॉकचा स्ट्रोक (तो दबण्याचं अंतर) ७५ मि.मी. आहे. म्हणजे या दोहोंचं प्रमाण, सरासरी लिव्हरेज, २.६७, आणि ३० टक्के सॅग म्हणजे शॉकवर २२.५ मि.मी. हेल्मेट-पॅडसकट ८० किलोच्या स्वाराचं ६५ टक्के वजन मागे पडतं असं धरलं तर ५२ किलो. ५२ गुणिले २.६७ म्हणजे १३९, त्याला २२.५ ने भागलं की ६.२ किलो प्रति मि.मी., आणि ५६ ने गुणलं की सुमारे ३४५ पौंड प्रति इंच. म्हणजे ३५० ची स्प्रिंग. ज्या फ्रेमचं लिव्हरेज सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी असतं, तिला एक पायरी वरची लागू शकते. स्प्रिंगवर छापलेला स्ट्रोक शॉकच्या स्ट्रोकपेक्षा कमी नसावा, नाहीतर वेटोळी एकमेकांवर टेकून शॉकच फुटतो. सॅग जुळवायला प्रीलोडची कडी दोन फेऱ्यांहून जास्त आवळावी लागत असेल तर स्प्रिंग चुकली आहे.

या सगळ्या काळात कॅनडात वेगळंच काही चाललं होतं, त्यालाच फ्रीराइड म्हणतात. व्हँकुव्हरच्या उत्तरेच्या सायप्रस, फ्रोम आणि सेमूर या डोंगरांवर ओल्या जंगलात ओंडके आणि देवदाराच्या फळ्यांचे अरुंद पूल बांधून त्यावरून सायकली जाऊ लागल्या; टॉड फिअँडर हे त्यातले नावाजलेले बांधकामी. घड्याळाचा संबंध नाही, वेग कमी, पण चूक केली तर दोन मीटर खाली. आतल्या भागात कॅम्लूप्सच्या भुसभुशीत टेकड्यांवर वेड सिमन्स, ब्रेट टिपी आणि रिची श्ली उड्या मारत होते. १९९९ मध्ये व्हिसलरचं बाइक पार्क रीतसर सुरू झालं. २००१ मध्ये युटातल्या व्हर्जिन इथे पहिली रेड बुल रॅम्पेज ही फ्रीराइड स्पर्धा झाली आणि ती सिमन्स यांनीच जिंकली.

फ्रीराइडच्या पहिल्या पिढीने टिकाऊपणा वजनाने विकत घेतला. वीस किलोंहून जड सायकली, दीड इंची हेड ट्यूब, ओंडके अडू नयेत म्हणून उंच बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे फिरतात तो सांधा). जॉश बेंडर घराच्या छपराहून उंच कड्यांवरून उडी घ्यायचे तेव्हा ३०० मि.मी.चा मार्झोकी फोर्क वापरायचे. अशी जुनी सायकल स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे: उंच बॉटम ब्रॅकेट आणि आखूड पुढा यांमुळे ती वळणात डगमगते, आणि त्यावर कितीही चांगला फोर्क बसवला तरी हे बदलत नाही.

सेटिंगमधला फरक मात्र तिथूनच आला. डाउनहिलमध्ये चाक जमिनीला चिकटून राहायला हवं, फ्रीराइडमध्ये उडीच्या टोकावरून सायकल अंदाजाप्रमाणे सुटायला हवी. म्हणून फ्रीराइडला मागचा सॅग २५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात, एअर फोर्कमध्ये हवेची जागा कमी करणारा एखादा व्हॉल्यूम स्पेसर वाढवतात आणि मागचा रिबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत उघडण्याचा वेग, एक-दोन क्लिक हळू करतात. मागचा रिबाउंड फार जलद असला की उडीच्या टोकावर मागचं चाक वर उसळतं आणि स्वार नाकावर पडतो. फार हळू असला तर लागोपाठच्या दगडांवर सस्पेन्शन परत उघडायच्या आत पुन्हा दबतं, आणि चौथ्या-पाचव्या दगडाला ट्रॅव्हलच उरलेला नसतो. क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजावेत आणि लिहून ठेवावेत. एका वेळी एकच नॉब फिरवावा.

सर्वांत उशिरा सुधारली ती भूमिती, आणि फरक सर्वांत मोठा तिनेच पाडला. १९९०च्या दशकारंभी हेड अँगल ७१ अंशांच्या आसपास, स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा) लांब, हँडलबार ६० सें.मी.हूनही अरुंद, तीव्र उतारावर स्वाराचं वजन पुढच्या ॲक्सलच्या पुढेच जायचं. २००० नंतरच्या दशकात कोन ६४–६६ वर आला, आज ६२–६३.५ वर आहे. माँड्रेकर कंपनीने फॅबियन बारेल या स्वारासोबत पुढा लांब आणि स्टेम अगदी आखूड केला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. आता जवळपास सगळ्या फ्रेम तशाच आहेत. निवडताना सीट ट्यूबची लांबी पाहू नका, रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) पाहा. दोन साइझच्या मध्ये असाल तर वेगवान, सरळ उतारासाठी मोठी घ्या, उड्या आणि घट्ट वळणांसाठी लहान.

दोन क्राउनच्या फोर्कमध्ये थोडी मोकळीक असते. दांडे क्राउनमधून १० मि.मी. वर सरकवले की पुढची बाजू तेवढी खाली येते आणि हेड अँगल साधारण अर्धा अंश उभा होतो. ते करण्याआधी फोर्कची हवा पूर्ण सोडून तो शेवटपर्यंत दाबून पाहावा. टायर खालच्या क्राउनला टेकत असेल तर पहिल्याच मोठ्या आपटीत पुढचं चाक जागीच थांबेल. क्राउनचे बोल्ट आलटूनपालटून, टॉर्क रेंचनेच आवळावेत.

चाकांची गोष्ट चक्राकार आहे. २६ इंच अनेक वर्षं, मग २७.५, आणि २०१७ मध्ये लूर्दच्या विश्वचषक फेरीत सांता क्रूझचा संघ २९ इंची चाकांवर उतरला. त्याच मोसमात ग्रेग मिनार यांनी फोर्ट विल्यमला त्यावर बाजी मारली. २०१९ मध्ये यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने दोन वेगळ्या मापांची चाकं चालतील असं ठरवलं, आणि पुढे २९, मागे २७.५ हा जोड रूढ झाला. स्पेशलाइझ्डच्या बिग हिटला पुढे २६ आणि मागे २४ इंच होतंच की, फक्त तेव्हा सगळे हसले होते. बुटक्या स्वाराला तीव्र उतारावर मागचा टायर पार्श्वभागाला घासतो, त्यांच्यासाठी लहान मागचं चाक हा खरा उपाय आहे. टायर मात्र दुहेरी थराचाच घ्या. तो १२००–१३०० ग्रॅम भरतो, पण हलका ट्रेल टायर दगडावर चिरडून रिम आणि हवा दोन्ही घालवतो. ७५–८० किलोच्या स्वाराने ट्यूबलेसमध्ये पुढे २३, मागे २६ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि एकेक पीएसआयने बदलावं.

चेनचा छळ सगळ्यांत विनोदी. ती उतरू नये म्हणून होंडाने आरएन-०१ या शर्यतीच्या सायकलमध्ये गिअर बदलणारा डिरेलरच एका बंद पेटीत घातला. २००५ चा एकूण विश्वचषक मिनार यांनी तिच्यावर जिंकला, पण ती कधी विक्रीला आली नाही. नंतर चेन ताणून धरणारा क्लच असलेले डिरेलर आणि आळीपाळीने जाड-पातळ दात असलेल्या चेनरिंगने बराचसा प्रश्न सुटला, आणि डाउनहिलला सात गिअर पुरतात हेही मान्य झालं. उलट २०१५ मध्ये लिओगँगला आरन ग्विन यांची चेन सुरुवातीलाच तुटली आणि तरी ते पहिले आले. नवी चेन कापताना शॉकची स्प्रिंग काढून मागचं चाक शेवटपर्यंत वर उचला, मागे सर्वांत मोठ्या गिअरवर चेन ठेवा, आणि त्या स्थितीत डिरेलरला जराशी ढील उरेल एवढी लांबी ठेवा. सायकल नुसती उभी ठेवून मापलेली चेन पहिल्या खोल दाबात डिरेलर उपटून काढते.

जुनी फ्रेम पाहत असाल तर मागच्या हबची रुंदी आधी मोजा. १५० आणि १५७ मि.मी. डाउनहिलमध्ये रुळलेले होते, आज १४८ ही बऱ्याच फ्रेमवर येतं. १५० चा हब १५७ च्या फ्रेममध्ये कधी टोप्या बदलून बसतो, कधी नाही. शॉकची लांबीही इंचांतली आहे की नव्या मेट्रिक मापातली ते पाहा: ९.५ × ३ इंच म्हणजे जवळजवळ २४० × ७६ मि.मी., आणि २५० × ७५ चा नवा शॉक त्या जागी बसत नाही.