आर्सेनिक-निवारणासाठी नॅनोकण

पाण्यातील आर्सेनिक अतिसूक्ष्म कणांवर चिकटवून वेगळे करण्याची, किंवा मातीत ते जागच्या जागी बांधून ठेवण्याची पद्धत. हे कण साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) आकाराचे आणि बहुधा लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे एका परीने गंजाचेच असतात.

लोहच का, याचे उत्तर बंगालच्या गाळात आहे. तिथे आर्सेनिक मुळात लोहकणांनाच चिकटलेले असते. जमिनीखाली ऑक्सिजन संपला की जीवाणूंच्या क्रियेने ते लोह विरघळते आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. हापशाचे पाणी मात्र नितळ. ना वास, ना चव. १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी आर्सेनिकच्या विषबाधेचे रुग्ण ओळखले, ते त्वचेवरचे काळसर डाग आणि तळहातांवरच्या टणक गाठी पाहून. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक नसावे.

कण बारीक केल्याने काय साधते? एक मिलिमीटरच्या घनाचे १० नॅनोमीटरचे तुकडे केले, तर ६ चौरस मिलिमीटरचा पृष्ठभाग ०.६ चौरस मीटर होतो: लोह तेवढेच, आर्सेनिकला चिकटायला जागा लाखपट. पण इतके बारीक कण पाण्यातून परत काढणे ही खरी अडचण. २००६ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १२ नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) कण साध्या चुंबकाच्या ओढीने वेगळे करून दाखवले. आयआयटी मद्रासमधील टी. प्रदीप यांच्या गटाची वाट वेगळी आणि खेड्यांसाठी जास्त सोयीची आहे. त्यांच्या ‘अमृत’ तंत्रात लोहकण कायटोसॅनच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) जाळ्यात अडकवलेले असतात. त्यामुळे ते पाण्यासोबत वाहून जात नाहीत. पाण्यात फॉस्फेट किंवा सिलिकेट जास्त असेल, तर मात्र तेही कणांवरची जागा अडवतात.

मातीसाठी धातुरूप लोहाचे नॅनोकण वापरले जातात. यात आर्सेनिक शेतातून जात नाही, फक्त पिकाच्या मुळांना कमी मिळते. ‘माती शुद्ध झाली’ असे म्हणणे चूक ठरेल. भातखाचरात पाणी तुंबले की ते पुन्हा सुटू शकते.

गाळणीतील वापरलेल्या लोहाचेही तेच. त्यात आर्सेनिक साठलेले असते, म्हणून ते वेगळे जमा करून सुरक्षित ठिकाणी बंदिस्त करावे लागते. तळ्याकाठच्या चिखलात टाकून दिल्यास ऑक्सिजनविना ते लोह पुन्हा विरघळू लागते.