पुढच्या भागाचा ठोकताळा

पुढच्या भागाचा ठोकताळा : गाजलेल्या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग कधी येणार, याबद्दल चाहत्यांनी आपसात बांधलेला अंदाज आणि तो बांधण्याची रीत. कंपनीने तारीख सांगितलेली नसते, किंवा सांगून फिरवलेली असते, तेव्हा या चर्चेला जोर चढतो. सांगली, मिरज, विश्रामबाग या भागातली पोरे तिला असले भारदस्त नाव देत नाहीत. तिथे ‘‘कवा येतंय रं?’’ एवढे पुरते. काय येतंय, हे विचारावे लागत नाही. सध्या त्याचा अर्थ ‘जीटीए सिक्स’, म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या गेमचा सहावा भाग, असाच असतो.

सांगलीकराला वाट पाहत आकडेमोड करण्याची सवय कृष्णेने लावली आहे. पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक सोडले, अलमट्टीत पाणी किती धरले, यावरून आयर्विन पुलापाशी उद्या किती फूट होईल हे चहाच्या टपरीवर उभा असलेला माणूसही सांगतो. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी इथे पाढ्यासारखी पाठ असते. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हेही कोणी विसरलेले नाही. या टपरीवर दोन पंथ असतात. एक विसर्गाचा आकडा पाहतो. दुसरा पंचांग उघडून यंदा नक्षत्राचे वाहन म्हैस आहे की कोल्हा हे पाहतो. गेमच्या तारखा वर्तवणाऱ्यांतही नेमके हेच दोन पंथ आहेत.

विसर्ग पाहणारे, ‘जीटीए’ बनवणाऱ्या रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू हिच्या तिमाही निकालांवर डोळा ठेवतात. या कंपनीचे आर्थिक वर्ष आपल्यासारखेच ३१ मार्चला संपते, त्यामुळे वाणिज्य शाखेच्या मुलांना हा हिशेब चटकन कळतो. ‘जीटीए फाइव्ह’ १७ सप्टेंबर २०१३ रोजी आला. पुढच्या भागाचे काम चालू असल्याचे रॉकस्टारने फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्य केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर दाखवला. त्यात फक्त ‘२०२५’ एवढेच होते. मे २०२४ मध्ये कंपनीने २०२५ च्या शरद ऋतूपर्यंत मुदत आवळली. म्हणजे काहीही झाले तरी मार्च २०२६ च्या आत, असा हिशेब पक्का झाला. मग २ मे २०२५ रोजी तारीख २६ मे २०२६ वर गेली आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, तिमाही निकालाच्याच दिवशी, १९ नोव्हेंबर २०२६ वर. दोन्ही वेळा घोषणा निकालांच्या आसपास झाली. या पंथाच्या हाती लागते ते एवढेच : गेमची तारीख कळत नाही, पण ती हलण्याचा सुमार कळतो. उन्हाळी सुट्टीचा बेत त्यामुळे दिवाळीच्या पलीकडे गेला, हे मात्र कुठल्याही निकालपत्रकात लिहिलेले नसते.

वाहन पाहणाऱ्यांचा पंथ अधिक रंगतदार. रॉकस्टारने प्रसिद्ध केलेल्या चित्रांत चंद्र दिसला की त्याची कला मोजायची आणि त्यावरून पुढचा ट्रेलर कोणत्या दिवशी येणार हे ठरवायचे, हा त्यांचा सर्वांत गाजलेला प्रकार. दुसऱ्या ट्रेलरसाठी २०२४ च्या नोव्हेंबरातला मुहूर्त असाच काढला होता. तो कोरडा गेला. ट्रेलर आला ६ मे २०२५ रोजी. तिथी पाहून दिवस ठरवण्यात मराठी माणसाला वावगे काही वाटू नये, पण तिथी निदान सूर्य-चंद्राच्या गणितावर चालते. इथे चंद्र काढणारा चित्रकारच असतो.

तरीही या पंथाला साफ उडवून लावता येत नाही, आणि त्याला कारण आहे एक केक. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या टीम चेरी या जेमतेम तीन-चार जणांच्या स्टुडिओने ‘हॉलो नाइट’चा (२०१७) पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला. आधी ती मूळ गेमला जोडायची एक पुरवणी होती. वाढत वाढत स्वतंत्र गेम झाली आणि पुढची काही वर्षे वाढतच राहिली. जून २०२२ मध्ये येत्या बारा महिन्यांत खेळायला मिळणाऱ्या गेमांत तिचे नाव आले, पण बारा महिने भरण्याआधीच ती पुढे ढकलली गेली. जानेवारी २०२५ मध्ये स्टुडिओच्या एका संस्थापकाने आपले प्रोफाइल चित्र बदलून चॉकलेट केकचा फोटो लावला. चाहत्यांनी त्या केकची पाककृती हुडकली, तिच्यावर २ एप्रिलची तारीख सापडली, आणि मुहूर्त निघाला. स्टुडिओकडून नकार आला. निन्टेन्डो या गेम कंपनीचा स्विच टू या नव्या यंत्राचा कार्यक्रमही झाला तो नेमका २ एप्रिललाच, आणि त्यात ‘सिल्कसाँग’ क्षणभर झळकलाही, ‘२०२५’ या शब्दासह. केक खरा ठरला म्हणावे, तर गेम त्या दिवशी आला नाही. खोटा म्हणावे, तर दिवस चुकला नाही. पंचांगाचे भाकीत पहिल्यापासून असेच जगत आले आहे.

प्रत्यक्ष गेम आला तो कोणाच्याच हिशेबात नसलेल्या दिवशी. २१ ऑगस्ट २०२५ रोजी घोषणा आणि ४ सप्टेंबरला विक्री, मध्ये जेमतेम दोन आठवडे. अनेक छोट्या स्टुडिओंनी आपल्या गेमच्या तारखा घाईघाईने हलवल्या. मोठ्या मंडळाची मिरवणूक येते म्हटल्यावर गल्लीतल्या मंडळाने गाडी बाजूला घ्यावी तसे. विक्री सुरू झाली तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि गणेशोत्सवाचा नववा दिवस होता. एवढ्या उड्या पडल्या की स्टीमसह बहुतेक ऑनलाइन दुकाने काही काळ बंद पडली.

हरलेल्या अंदाजांचाही इतिहास मोठा आहे. ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ १९९७ मध्ये जाहीर होऊन २०११ मध्ये आला आणि इतकी वाट पाहण्याजोगा नव्हता. ‘हाफ-लाइफ’ची कथा २००७ मध्ये अर्ध्यावर तुटली; तेव्हापासून कुठेही तीनचा आकडा दिसला की ‘तिसरा भाग पक्का’ म्हणायचे, हा विनोदच रूढ झाला.

सांगलीत ठोकताळ्याला आणखी एक मजला चढतो. इथल्या बहुतेकांनी ‘व्हाइस सिटी’ (२००२) खेळली ती घरच्या किंवा सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर, पाच रुपड्यांत मिळालेल्या वेळात, मागे चार जण नंबर लावून उभे असताना. नवा भाग पुन्हा त्याच व्हाइस सिटीत घडतो, म्हणून तर एवढी ओढ. पण १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीज या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांसाठी, जाहीर झाली, पीसीसाठी नाही. कन्सोल घरी असणारा एखादाच. बाकीचे तास मोजून पैसे घेणाऱ्या गेमिंग झोनवर किंवा आतेभावावर अवलंबून. त्यामुळे चर्चेचा शेवट ठरलेला असतो : ‘‘ते झालं लका, पीसीवर कवा?’’ पैज लागते ती यावर, चहाची नाहीतर भडंगाची.

इथे दोन्ही पंथ एकाच पाटावर बसतात, कारण मागचा दाखला हाताशी आहे. रॉकस्टारचाच ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’ कन्सोलवर २६ ऑक्टोबर २०१८ ला आणि पीसीवर ५ नोव्हेंबर २०१९ ला आला, म्हणजे एक वर्ष आणि दहा दिवसांनी. ‘जीटीए फाइव्ह’ पीसीवर यायला १४ एप्रिल २०१५ उजाडले, म्हणजे जवळजवळ एकोणीस महिने. हेच अंतर नव्या तारखेत मिळवले, आणि ती तारीख तिसऱ्यांदा हलली नाही असे धरले, तर पहिल्या हिशेबाने नोव्हेंबर २०२७ ची अखेर येते आणि दुसऱ्याने जून २०२८ चा मध्य. २०२६ साली अकरावीत गेलेल्या पोरासाठी पहिली तारीख बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर पडते. दुसरी पडते ऐन मृगात, नदीचे आकडे बघायला सुरुवात होते तेव्हा.