पक्षीय दुहेरी निकष (अमेरिका)

आपल्या पक्षाच्या माणसाची चूक पोटात घालायची आणि तीच चूक विरोधकाने केली की राजीनामा मागायचा, किंवा सत्तेत असताना एक नियम सांगायचा आणि विरोधी बाकावर गेल्यावर त्याच्या नेमका उलटा, या वागण्याला पक्षीय दुहेरी निकष म्हणतात. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही वृत्ती कुठल्याच देशाला नवी नाही. अमेरिकेत मात्र ती विशेष स्पष्ट दिसते. तिथे रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक असे दोनच मोठे पक्ष आहेत, सत्ता त्यांच्यात आलटून पालटून फिरते आणि सिनेटचे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, अनेक सदस्य दोन-दोन, तीन-तीन दशके त्याच जागी असतात. प्रतिनिधिगृहाचे, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे, कामकाज १९७९ पासून आणि सिनेटचे १९८६ पासून दूरचित्रवाणीवर दिसते. त्यामुळे एकाच नेत्याची एकाच प्रश्नावरची दोन परस्परविरोधी भाषणे शेजारी ठेवून पाहता येतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन रिकाम्या जागांचे प्रकरण हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. या न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सिनेट ते मंजूर करते. १३ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचे निधन झाले. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या कारकिर्दीचे अकरा महिने उरले होते. सिनेटमधील रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांनी त्याच दिवशी जाहीर केले की ही जागा नव्या राष्ट्राध्यक्षांनीच भरावी, जनतेला कौल देऊ द्यावा. मार्चमध्ये ओबामांनी मेरिक गारलँड यांचे नाव सुचवले. त्यांची सुनावणीसुद्धा झाली नाही आणि जानेवारी २०१७ मध्ये ते नामांकन आपोआप बाद झाले. दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर लिंडसे ग्रॅहम तर एक पाऊल पुढे गेले. उद्या रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांच्या शेवटच्या वर्षात अशी जागा रिकामी झाली तर माझे आजचे शब्द माझ्याविरुद्ध खुशाल वापरा, असे त्यांनी सिनेटच्या न्यायविषयक समितीच्या बैठकीत सांगितले.

ती वेळ चार वर्षांत आली. १८ सप्टेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे निधन झाले. निवडणुकीला सात आठवडेही उरले नव्हते आणि काही राज्यांत मतदान सुरूही झाले होते. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एमी कोनी बॅरेट यांचे नाव दिले. त्यांची सुनावणी ज्या न्यायविषयक समितीपुढे झाली तिचे अध्यक्ष ग्रॅहमच होते. २६ ऑक्टोबरला, म्हणजे मतदानाच्या आठ दिवस आधी, सिनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी ती नियुक्ती मंजूर केली. रिपब्लिकनांपैकी एकट्या सुझन कॉलिन्स विरोधात गेल्या. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट वेगवेगळ्या पक्षांकडे होते, आता तसे नाही, असा मॅककॉनेल यांचा खुलासा होता. हा फरक खरा आहे. पण २०१६ मध्ये जनतेपुढे मांडलेले तत्त्व ‘लोकांना ठरवू द्या’ हे होते, आणि ते २०२० मध्ये कुठेच उरले नाही.

डेमोक्रॅटिक पक्षालाही या प्रकरणात हात झटकता येत नाहीत. जून १९९२ मध्ये याच समितीचे अध्यक्ष असलेल्या जो बायडन यांनी सिनेटमध्ये सांगितले होते की निवडणुकीच्या हंगामात जागा रिकामी झाली तर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी मतदान होईपर्यंत नाव देऊ नये. तशी जागा त्या वर्षी रिकामी झाली नाही. २०१६ मध्ये बायडन उपराष्ट्राध्यक्ष होते आणि गारलँड यांची सुनावणी घेणे हे सिनेटचे कर्तव्यच आहे, असे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. २०२० मध्ये त्याच पक्षाला थांबणे न्याय्य वाटू लागले.

सिनेटमधील अल्पमताच्या अडवणुकीचा हक्क, म्हणजे फिलिबस्टर, हाही असाच सत्तेच्या दिशेने कलणारा विषय. २००५ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकांपुरता तो काढून टाकण्याची धमकी रिपब्लिकनांनी दिली, तेव्हा डेमोक्रॅट त्याच्या बचावाला उभे राहिले. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरी रीड यांच्या नेतृत्वाखाली डेमोक्रॅटांनीच सर्वोच्च न्यायालय वगळून इतर नेमणुकांसाठी तो मोडीत काढला. तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल, असे मॅककॉनेल यांनी त्यांना बजावले. एप्रिल २०१७ मध्ये नील गोर्सच यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमण्यासाठी, नेमणुकांपुरता उरलेला भागही मॅककॉनेल यांच्याच नेतृत्वाखाली मोडला गेला. सिनेटर असताना, २००६ मध्ये, ओबामांनी न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांच्या नेमणुकीविरुद्ध हेच हत्यार वापरण्याला पाठिंबा दिला होता. २०२० मध्ये नागरी हक्क चळवळीतील नेते जॉन लुईस यांच्या अंत्यसंस्कारप्रसंगी त्यांनी त्याला वंशभेदाच्या काळाचा अवशेष म्हटले. सरकारला किती कर्ज काढता येईल याची मर्यादा वाढवण्याच्या मतदानांचा इतिहासही याच वळणाचा आहे.

हा नेत्यांचाच ढोंगीपणा समजणे अपुरे ठरेल, कारण मतदारही याच मापाने मोजतात. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा माणूस सार्वजनिक पदावर नीतीने वागू शकतो का, हा प्रश्न पीआरआरआय या सर्वेक्षण संस्थेने २०११ मध्ये विचारला, तेव्हा श्वेतवर्णी इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ आणि बहुतांशी रिपब्लिकनांना मत देणाऱ्या) ख्रिश्चनांपैकी ३० टक्क्यांनी होकार दिला. २०१६ मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, हा आकडा ७२ टक्क्यांवर गेला. मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उदारमतवादी आणि पुराणमतवादी अशा दोन्ही विचारांच्या विद्यार्थ्यांना समाजकल्याणाच्या योजना वाचायला दिल्या. योजना सढळ आहे की कंजूष, यापेक्षा ती आपल्या पक्षाची आहे की नाही यावर मत ठरले. तरीही मत मजकुरावरूनच बनवले, असे ते विद्यार्थी सांगत होते. मला यातील सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. ज्याला आपण अन्याय करत आहोत हे कळतच नाही, त्याला पुरावा दाखवूनही फारसे साधत नाही.

माध्यमांतील भाष्याने ही सवय पक्की केली. प्रसारकांनी वादग्रस्त विषयांच्या वेगवेगळ्या बाजू मांडाव्यात, हा १९४९ चा दंडक १९८७ मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी पुराणमतवादी भाष्यकार रश लिंबॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. १९९६ मध्ये एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज या केबल वाहिन्या सुरू झाल्या; पुढे पहिली डेमोक्रॅटांकडे आणि दुसरी रिपब्लिकनांकडे झुकली. (केबल वाहिन्यांना तो दंडक मुळात लागू नव्हता, त्यामुळे सगळा दोष त्याच्या रद्द होण्यावर टाकणे बरोबर नाही.) शत्रुराष्ट्रांच्या नेत्यांना अटींशिवाय भेटण्याची तयारी ओबामांनी दाखवली, तेव्हा फॉक्सवरील भाष्यकारांनी त्यांना भोळे ठरवले. जून २०१८ मध्ये ट्रम्प सिंगापूरला किम जोंग उन यांना भेटले, तेव्हा त्याच वाहिनीवर मुत्सद्देगिरीचे कौतुक झाले.

दुसऱ्या बाजूला सीएनएनचे उदाहरण आहे. निवेदक क्रिस क्युओमो यांनी आपले बंधू, न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो, यांच्या बातम्या हाताळू नयेत, असा तिथे नियम होता. २०२० च्या वसंतात कोविडकाळात गव्हर्नरांची लोकप्रियता शिखरावर असताना तो शिथिल झाला आणि दोघा भावांच्या हसतखेळत मुलाखती रंगल्या. २०२१ मध्ये गव्हर्नरांवर लैंगिक छळाचे आरोप झाले, तेव्हा नियम पुन्हा आठवला. पडद्याआड भावाच्या बचावात मदत केल्याचे उघड झाल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये क्रिस यांना काढण्यात आले.

दुहेरी निकषाचा प्रत्येक आरोप मात्र खरा नसतो, आणि विश्लेषकाची खरी कसोटी इथेच लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेने गोपनीय सरकारी कागदांसाठी ट्रम्प यांच्या मार-ए-लागो निवासस्थानाची झडती घेतली. काही महिन्यांनी बायडन यांच्या जुन्या कार्यालयात आणि घरीही गोपनीय कागद सापडल्याचे समजले. ‘दोघांना वेगळा न्याय’ अशी ओरड झाली. पण बायडन यांच्या वकिलांनी कागद स्वतःहून कळवून परत केले, तर ट्रम्प यांच्यावर ते लपवल्याचा आणि तपासात अडथळा आणल्याचा आरोप ठेवला गेला. हा फरक सोयीचा नसून कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. याउलट, मुलगा हंटर याला माफी देणार नाही असे सांगत आलेल्या बायडन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये ती दिली, तेव्हा एरवी कायद्यापुढील समानतेचा आग्रह धरणाऱ्या अनेक डेमोक्रॅटांनी वडिलांच्या मायेचा दाखला दिला. तिथे असा फरक दाखवणे कठीण आहे.

स्वपक्षालाही तेच माप लावणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागते, कारण बहुतेक मतदारसंघांत खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतच होते आणि तिथे मुख्यतः पक्षाचे कट्टर समर्थक मतदान करतात. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या प्रतिनिधिगृहातील दहा रिपब्लिकनांपैकी चौघांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही आणि लिझ चेनी यांच्यासह चौघे प्राथमिक निवडणुकीत हरले. २०२२ च्या निवडणुकीनंतर सभागृहात परतले ते दोघेच, कॅलिफोर्नियाचे डेव्हिड व्हालाडाओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. या दोन्ही राज्यांत प्राथमिक निवडणूक सर्व पक्षांच्या मतदारांसाठी एकत्र होते.